वारंवारता पाच टक्के घटली की अलार्म? खाडीवरच्या जुन्या पुलाच्या दीर्घकालीन निरीक्षणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या खाडीवर १९८० च्या दशकातला पूल आहे. ४० मीटरचे सात गाळे, साध्या टेकूवरचे प्रीस्ट्रेस्ड गर्डर, म्हणजे आतल्या ताणलेल्या पोलादी तारांच्या जुड्यांनी (केबलनी) दाबाखाली ठेवलेल्या काँक्रीटच्या तुळया. त्यावर ४८ सेन्सर बसवून सहा महिने निरीक्षण करायचं आणि नैसर्गिक वारंवारता (पूल आपला आपण सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा) पाच टक्क्यांनी घटली की धोक्याचा इशारा द्यायचा, असं निविदेच्या मसुद्यात आहे. यातून पुलाचं नुकसान खरंच कळेल का?

या स्वरूपात कळणार नाही. सहा महिने अपुरे आहेत आणि पाच टक्क्यांची मर्यादा चुकीच्या जागी लावली आहे. सेन्सरची संख्या हा मुख्य प्रश्न नाही, पण त्यांतले बरेच दुसऱ्या प्रकारचे आणि दुसऱ्या ठिकाणी हवेत.

पाच टक्क्यांचं आधी बघू. वारंवारता ही ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे पाच टक्के घट दिसायला अख्ख्या गाळ्याचा ताठरपणा साधारण दहा टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. खरं नुकसान बहुधा एका जागी असतं: एका गर्डरच्या टोकाशी, एका बेअरिंगखाली (खांबावर गर्डर ज्यावर टेकतो आणि सरकतो तो भाग), एका केबलच्या डक्टमध्ये (केबल ज्यातून जाते त्या नळीत). त्याने अख्ख्या गाळ्याचा ताठरपणा एखाद्या टक्क्यानेही हलत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीजवळ रिओ ग्रान्दे नदीवरचा आय-४० हा पाडायला काढलेला पूल मुद्दाम चाचणीसाठी वापरला गेला. त्याच्या सुमारे तीन मीटर उंचीच्या पोलादी गर्डरला गाळ्याच्या मध्यावर टप्प्याटप्प्याने चार काप दिले. पहिल्या कापांनंतर वारंवारता घटली नाही. खालचा फ्लँज, म्हणजे गर्डरची तळची आडवी पट्टी, पूर्ण कापल्यावरच फरक स्पष्ट दिसला. तोवर ती तुळई जवळजवळ निकामी झालेली होती.

दुसरी बाजू तापमानाची. याचा सगळ्यात चांगला अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ पुलावर झाला. कोपिगेन आणि उत्झेनस्टॉर्फ या गावांना जोडणारा, ए-१ महामार्गावरून जाणारा हा पोस्ट-टेन्शन (काँक्रीट घट्ट झाल्यावर केबल ताणलेल्या) बॉक्स गर्डरचा, म्हणजे पोकळ पेटीसारख्या गर्डरचा, पूल. गाळे १४, ३० आणि १४ मीटरचे. तो पाडायचा ठरल्यावर नोव्हेंबर १९९७ पासून जवळजवळ वर्षभर त्याचं सलग निरीक्षण केलं आणि १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याला मुद्दाम क्रमाक्रमाने इजा केली. इजा करण्याआधीच, पूल धडधाकट असताना, केवळ हवामानामुळे पहिल्या चार वारंवारता (थरथरण्याच्या प्रत्येक प्रकाराची, म्हणजे मोडची, वारंवारता वेगळी असते) १४ ते १८ टक्क्यांनी बदलल्या होत्या. शून्य अंशाखाली डांबर गोठून कडक झालं की वारंवारता झपकन वर जायची. शून्याच्या वर तोच संबंध सौम्य उताराचा होता. नंतर एक खांब टप्प्याटप्प्याने ९५ मिलिमीटर खाली उतरवला, गर्डरला तडे गेले, तरी पहिली वारंवारता दहा टक्क्यांपेक्षा कमीच घटली. ऋतूने घडवलेला बदल इजेपेक्षा मोठा होता. तुमची पाच टक्क्यांची अट त्या धडधाकट पुलावर वाजत राहिली असती.

कोकणात गोठणं नाही, त्यामुळे तो तीव्र वळणबिंदू तुमच्या आलेखात येणार नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी डांबर मऊ पडतं आणि डेकला, म्हणजे पुलाच्या वरच्या स्लॅबला, मिळणारा त्याचा हातभार कमी होतो. पावसाळ्यात काँक्रीट पाणी धरतं. गंजलेलं बेअरिंग काही तापमानांना अडकतं, काहींना सुटतं. आणि वाहतूक आहेच. तुमच्या ४० मीटरच्या गाळ्याची पहिली वारंवारता साधारण ३ हर्ट्झच्या आसपास असेल. गाळ्याचं वजन ६०० टन धरलं तर पहिल्या मोडमध्ये त्यातलं निम्मं, म्हणजे ३०० टन, हलतं. मध्यावर ४० टनांचा भरलेला डंपर उभा राहिला तर साध्या हिशोबाने वारंवारता सहा टक्क्यांनी खाली येते. डंपरच्या स्प्रिंगमुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा येईल, पण मुद्दा स्पष्ट आहे: पुलावर ट्रॅफिक जॅम झाला की तुमचा अलार्म वाजेल. असे दहा अलार्म वाजले की अकरावा कुणी उघडून बघत नाही, आणि निरीक्षणाची व्यवस्था खऱ्या अर्थाने तिथेच बंद पडते.

म्हणून सुरुवात सेन्सरच्या यादीपासून करू नका. हा पूल कशाने पडू शकतो, हे आधी कागदावर लिहा. खाडीवरच्या प्रीस्ट्रेस्ड पुलासाठी उत्तरं मोजकी आहेत: क्लोराइडमुळे केबलचा गंज, बेअरिंग आणि गर्डरच्या टोकाचं नुकसान, आणि पायाजवळची माती वाहून जाणं. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा; तो ५ जुलै १९८६ रोजी, जेमतेम दीड दशकात कोसळला. खाऱ्या हवेतल्या प्रीस्ट्रेस्ड पुलांकडे आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं, हे तेव्हापासून माहीत आहे. या तिन्हींची लक्षणं वेगळी असतात, म्हणून मोजायच्या गोष्टीही वेगळ्या.

सगळ्यात फसवा प्रकार केबलचा. डक्टमधलं ग्राउट (सिमेंटचा पातळ भराव) नीट भरलेलं नसेल तर पोकळीत पाणी साचतं, तारा एकेक करून तुटतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. जोवर काँक्रीट दाबाखाली आहे तोवर छेदाला तडा नाही, तडा नाही तोवर ताठरपणा तोच, आणि ताठरपणा तोच म्हणजे वारंवारताही तीच. झेड-२४ वरही शेवटी केबल कापल्या गेल्या, आणि त्याचा वारंवारतेवरचा ठसा अगदी पुसट होता. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत पडला, त्यामागेही प्रीस्ट्रेसच्या तारांना आतून गेलेले गंजजन्य तडे होते. उरलेल्या भागावर मग ध्वनिलहरी टिपणारे सेन्सर लावून तारा तुटतात का, हे ऐकलं गेलं. अकूस्टिक एमिशन नावाची हीच पद्धत तुमच्या पुलाला लागू आहे. गर्डरच्या वेबवर (उभ्या भिंतीवर) काही मीटर अंतराने सेन्सर चिकटवतात. तार तुटली की एकदम मोठ्या ऊर्जेची लहर उठते आणि ती कुठून आली हे सेन्सरांमधल्या वेळेच्या फरकावरून काढता येतं. जॉइंटवरून ट्रकचं चाक आपटलं तरी आवाज होतो, म्हणून सुरुवातीला रिबाउंड हॅमरचे (काँक्रीट तपासायच्या स्प्रिंगच्या हातोडीचे) ठोके ठरावीक जागी मारून सिग्नलचा आकार, क्षीण होण्याचं प्रमाण आणि जागेचा अंदाज तपासून घ्यावा लागतो. या पद्धतीची मर्यादा करारात स्पष्ट लिहा: ती बसवल्या दिवसापासून पुढचं ऐकते. आधी किती तारा तुटल्या, हे ती सांगू शकत नाही.

ते कळायला सेन्सर नव्हे, तपासणी लागते. काही डक्ट उघडून एंडोस्कोपने ग्राउट बघा, ग्राउटमधलं आणि कव्हरमधलं क्लोराइड मोजा. हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे विद्युत विभव मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी, साध्या सळईसाठी उपयोगी; उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं की गंज चालू असण्याची शक्यता खूप मोठी मानतात. पण धातूच्या शीथिंगमधल्या (नळीतल्या) केबलबद्दल ते जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि अहवालात मात्र ‘केबल सुरक्षित’ असा निष्कर्ष त्याच आकड्यांवरून काढलेला अनेकदा दिसतो. तो निष्कर्ष स्वीकारू नका.

केबलचं आणखी एक लक्षण तड्यात दिसतं. गर्डरच्या खालच्या बाजूला मध्याजवळ आडवा जाणारा केसासारखा तडा असेल तर त्यावर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचणारं क्रॅक गेज लावा, आणि एक डायनॅमिक सेन्सरही. तडा दिवस-रात्रीच्या तापमानाबरोबर उघड-मीट करतोच, त्यात नवल नाही. जड वाहन गेल्यावर तो उघडतो का, हे बघा. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये रोजच्या वाहनाखाली तडा उघडत असेल तर त्या छेदातला राखीव दाब संपला आहे, असा त्याचा अर्थ. हे एक वाचन शंभर वारंवारतांपेक्षा मोलाचं आहे. दुसरं बघायचं ते वर्षभरानंतर त्याच तापमानाला, त्याच वेळेला तड्याची रुंदी पूर्वीइतकीच येते का.

बेअरिंगसाठी उपाय स्वस्त आहे आणि बहुतेक निविदांमध्ये नसतो. प्रत्येक एक्स्पान्शन जॉइंटवर (गाळ्याच्या टोकाला प्रसरणासाठी ठेवलेल्या फटीवर) एक विस्थापन गेज आणि गर्डरच्या पोटात एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर). ४० मीटरचा गाळा, काँक्रीटचा प्रसरण गुणांक १२ दशलक्षांश, म्हणजे एका अंशाला ०.४८ मिलिमीटर. वर्षभरात गर्डरचं सरासरी तापमान २५ अंशांनी बदललं तर सरकणं १२ मिलिमीटर. तापमान आडव्या अक्षावर आणि सरकणं उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडा. बेअरिंग मोकळं असेल तर एक बारीक तिरकी रेघ मिळते. अडखळत असेल तर रेघेच्या जागी जिना दिसतो: तापमान वाढतंय, गेज हलत नाही, मग अचानक दोन मिलिमीटरची उडी. जाताना एक वाट आणि येताना दुसरी असेल तर मधे घर्षणाचं वेटोळं तयार होतं. रेघ सपाट झाली की बेअरिंग पक्कं अडकलं. मग तोच जोर खांबाच्या माथ्यावर येतो आणि तिथल्या टिल्ट मीटरवर (कल मोजणाऱ्या सेन्सरवर) तापमानाशी जोडलेली हालचाल दिसू लागते. स्कॉटलंडचा फोर्थ रोड ब्रिज डिसेंबर २०१५ मध्ये बंद करावा लागला, तोही ट्रसच्या टोकाची पिन अडकून जवळच्या भागात तडा गेल्यामुळेच. अडकलेला सांधा स्वतः मोडत नाही, शेजाऱ्याला मोडतो.

पायाचं प्रकरण वेगाचं आहे. केबलला वर्षं लागतात, पायाखालची माती एका रात्रीत जाते. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. अशा प्रसंगी डेकवरचे सेन्सर काही सांगेपर्यंत वेळ संपलेली असते. इथे पाण्याची पातळी मोजणारा रडार सेन्सर, पाण्यातल्या खांबांजवळ तळाची खोली मोजणारा सोनार, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दोन दिशांचा टिल्ट मीटर लागतो. १० मीटर उंच खांब ०.०१ अंशाने कलला तर माथा पावणेदोन मिलिमीटर सरकतो, आणि ०.००१ अंशापर्यंत वाचणारे टिल्ट मीटर सहज मिळतात. एरवी दर दहा मिनिटांनी वाचन पुरतं; पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की लॉगरने (वाचनं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राने) आपोआप दर मिनिटाला वाचन घ्यावं, अशी आज्ञा त्यात आधीच घाला. ऊन एका बाजूने आलं की खांब रोज थोडा कलतो, त्यामुळे टिल्टची मर्यादा ठरवायलाही काही महिन्यांचा कोरडा डेटा हवा. खाडी असल्यामुळे भरती-ओहोटीचं चक्रही त्यात दिसेल.

आता वारंवारतेकडे परत येतो, कारण ती निरुपयोगी नाही. काही गाळ्यांत बेअरिंग खचलं, डायफ्रॅम (गर्डरांना एकमेकांशी जोडणारी आडवी भिंत) सुटला, तडे पसरले तर ती सांगते. फक्त तिच्याकडून योग्य तेवढंच मागावं. सातही गाळ्यांवर पसरण्यापेक्षा दोन गाळे पूर्ण सज्ज करा, एक सर्वांत खराब आणि एक त्यातल्या त्यात चांगला. दोघांना ऊन-पाऊस तोच लागतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक हे स्वतःच एक चांगलं मोजमाप ठरतं. प्रत्येक गाळ्यावर थरथर टिपणारे सहा अ‍ॅक्सेलरोमीटर: दोन्ही कडेच्या गर्डरवर पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर. यातून पहिले दोन वाकण्याचे आणि पहिला पिळाचा मोड मिळतो. सेन्सरचा स्वतःचा गोंगाट १० मायक्रो-जी प्रति रूट हर्ट्झच्या खाली हवा. मोबाइल फोनमध्ये असतात तसल्या स्वस्त चिप रात्रीच्या शांत पुलावर फक्त स्वतःचाच आवाज नोंदवतात. नमुने सेकंदाला १००, आणि सगळ्या चॅनेलची घड्याळं एक मिलिसेकंदाच्या आत जुळलेली, नाहीतर मोडचे आकार बिघडतात. एक रेकॉर्ड मूळ कालावधीच्या (पहिल्या मोडच्या एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळेच्या) किमान हजार-दोन हजार पट लांब असावं. ३ हर्ट्झला ते सहा ते अकरा मिनिटं होतं, म्हणून दर तासाला १५ मिनिटांचं रेकॉर्ड ठेवा.

थर्मिस्टरवर कंजुषी करू नका. एका सज्ज गाळ्यात दहा-बारा: डांबरात, डेकच्या वर आणि खाली, गर्डरच्या तीन उंचींवर, समुद्राकडच्या आणि जमिनीकडच्या बाजूला, आणि सावलीत हवेचं. काँक्रीट हळू तापतं; गर्डरच्या आतलं तापमान हवेच्या काही तास मागे चालतं. त्यामुळे वारंवारतेचं मॉडेल बसवताना त्या क्षणाचं तापमान एकटं पुरत नाही, मागच्या काही तासांचीही तापमानं त्यात घ्यावी लागतात. पूर्ण वर्ष हवं ते याचसाठी. उन्हाळ्यावर शिकलेलं मॉडेल पावसाळ्यात चुकतं, आणि ती चूक नुकसानासारखीच दिसते. तुमचे सहा महिने जानेवारी ते जून असतील तर पावसाळ्यातल्या भिजलेल्या पुलाबद्दल तुम्हाला काहीच माहिती नसेल. १२ महिने पायाभूत नोंद, त्यानंतर किमान दोन वर्षं प्रत्यक्ष निरीक्षण, असा करार करा.

मॉडेलने सांगितलेली वारंवारता आणि मोजलेली वारंवारता यांतला फरक, तो खरा निर्देशक. मॉडेल चांगलं जमलं तर हा फरक अर्ध्या ते एक टक्क्याच्या आत खेळतो. त्यावर तीन सिग्मांची (सरासरीपासून तीन प्रमाणित विचलनांवरची) रेघ आखायची पद्धत आहे, पण तिचा हिशोब बघा: दर तासाला एक वाचन म्हणजे वर्षाला ८,७६०, त्यातली ०.२७ टक्के वाचनं नुसत्या योगायोगाने रेघेबाहेर जातात, म्हणजे मोजलेल्या एका राशीला वर्षाला सुमारे २४ खोटे इशारे. १५ राशी असतील तर जवळजवळ रोज एक. म्हणून तासाच्या वाचनावर इशारा ठेवू नका. दिवसाचा मध्यक घ्या आणि सलग तीन दिवस रेघेबाहेर राहिला तरच दखल घ्या. प्रिन्सिपल कंपोनंट पद्धतीने (अनेक वारंवारतांत एकत्र होणारा बदल वेगळा काढणारं गणित) तापमान न मोजताही त्याचा परिणाम काढता येतो असं विक्रेते सांगतात. ते खरं आहे, पण नुकसानाचा परिणाम तापमानाच्याच दिशेने जात असेल तर तोही त्याच झाडूने बाहेर जातो. थर्मिस्टर स्वस्त आहेत, ते लावाच.

ठेकेदाराकडून एक चाचणी करून घेण्याचा आग्रह धरा. वर्षभराच्या खऱ्या डेटात एका तारखेपासून पुढे वारंवारता कृत्रिमरीत्या एक टक्क्याने कमी करायची, तारीख विश्लेषकाला सांगायची नाही, आणि त्याची पद्धत किती दिवसांनी ओरडते ते बघायचं. मग अर्धा टक्का. यातून ही व्यवस्था किमान किती बदल पकडते, याचा प्रामाणिक आकडा मिळतो. तो आकडा दिल्याशिवाय दिलेला अलार्म हा केवळ स्क्रीनवरचा लाल ठिपका आहे.

स्ट्रेनबद्दल, म्हणजे भाराखाली काँक्रीट किती ताणलं-दबलं जातं त्याबद्दल, थोडंच. हळू बदलासाठी व्हायब्रेटिंग वायर गेज, वाहनांसाठी फायबर ऑप्टिक किंवा फॉइल. खाऱ्या दमट हवेत चिकटवलेले फॉइल गेज लवकर वाहवत जातात, दीर्घकाळासाठी त्यांच्यावर विसंबू नका. व्हायब्रेटिंग वायर गेजची तार पोलादी असते, तिचं प्रसरण काँक्रीटपेक्षा वेगळं, त्यामुळे गेजजवळचं तापमान नोंदलं नसेल तर तो डेटा वापरता येत नाही. शून्य वाचन पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, वाहतूक थांबवून, आणि एका नव्हे तर ओळीने काही पहाटे घ्या. सहा महिन्यांतून एकदा ठरलेल्या वजनाचे तेच ट्रक, त्याच जागी, पहाटे उभे करून डिफ्लेक्शन मोजा. गर्डरच्या दोन्ही टोकांवरचे टिल्ट मीटर इथेही कामाला येतात, कारण मध्यावरच्या बिंदूभाराने ५ मिलिमीटर झोल आला तर टोक ०.०२१ अंशाने फिरतं. भार काढल्यावर परत येण्याचं प्रमाण आयआरसी एसपी ५१ (इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या भारचाचणीची मार्गदर्शिका) प्रमाणे प्रीस्ट्रेस्डसाठी ८५ टक्के आणि साध्या आरसीसीसाठी ७५ टक्के हवं. एकदाच केलेली भारचाचणी पास-नापास सांगते, तीच दरवर्षी केली की कल सांगते.

पावसाळ्यात व्यवस्था कशाने मरते तेही लिहून ठेवतो. जंक्शन बॉक्समध्ये सेन्सरची केबल वरून घेतली की पाणी केबलीबरोबर आत येतं. केबल खालून, वळसा देऊन आत घ्या. आयपी-६७ (धूळ-पाणी रोखणारा) बॉक्स झाकणाचा स्क्रू सैल राहिला की आयपी-शून्य होतो. अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर नसेल तर पहिल्या वळवाच्या विजेत लॉगर जातो. सौर पॅनेल आणि तांब्याची केबल चोरीला जाते, म्हणून हाताच्या पोहोचीबाहेर बसवा. मोबाइल नेटवर्क जातंच, त्यामुळे लॉगरमध्ये किमान महिनाभराची साठवण हवी. पण या सगळ्यांपेक्षा जास्त डेटा एका साध्या गोष्टीने वाया जातो: सेन्सर बदलला आणि कुठे नोंद केली नाही. आलेखात त्या दिवशी पायरी दिसते, दोन वर्षांनी बघणारा तिला नुकसान समजतो किंवा खरं नुकसान सेन्सरची चूक म्हणून सोडून देतो. फरक ओळखायचा तर शेजारच्या चॅनेलकडे बघा. सेन्सर बिघडला तर एकच चॅनेल हलतो, पूल बिघडला तर शेजारीही थोडे हलतात.

इशाऱ्याचे तीन स्तर ठेवा आणि प्रत्येकापुढे कुणी, किती वेळात, काय करायचं हे लिहा. पिवळा: तीन दिवसांत डेटाची तपासणी. नारिंगी: २४ तासांत पुलाखाली जाऊन, हाताच्या अंतरावरून पाहणी. लाल: वाहतूक बंद. लाल इशारा फक्त खांबाचं कलणं, तड्याची वाढ, जॉइंटमधलं अनपेक्षित खचणं आणि पाण्याची पातळी यांवरूनच द्यावा. वारंवारतेवरून कधीही देऊ नये, तिची मजल नारिंगीपर्यंतच. मध्यरात्री लाल इशारा आला तर पूल बंद करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचं पद करारात असलं पाहिजे, आणि बॅरिअर पुलाच्या दोन्ही टोकांना प्रत्यक्ष उभं असलं पाहिजे.

काही नुकसान यातल्या कशानेच सापडत नाही. अमेरिकेचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी पडला आणि ४६ माणसं गेली; कारण होतं आय-बारच्या (टोकाला छिद्र असलेल्या पोलादी पट्टीच्या) छिद्रातला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा. असा ठिसूळ तुटणारा, पर्यायी आधार नसलेला भाग तुमच्या पुलात कुठे आहे का, हे आराखड्यावरून शोधा. असेल तर तिथे सेन्सर नव्हे, आधी दुसरा आधार द्या.

निविदेत शेवटी हे घाला: कच्चा डेटा विभागाच्या मालकीचा, खुल्या फॉरमॅटमध्ये, दर महिन्याला हस्तांतरित, प्रत्येक चॅनेलची जागा, दिशा, कॅलिब्रेशन आणि बदलाची तारीख असलेली नोंदवही त्यासोबत, आणि एकूण रकमेतली निम्मी रक्कम विश्लेषण व देखभालीसाठी राखीव, तिचं देयक तिमाही अहवाल तपासून झाल्यावरच.